वाचकांचे प्रश्न : दोन पावसाळ्यांत गंजलेली नळी

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आत्मसंरक्षणासाठी परवान्यावर घेतलेले कानपूर बनावटीचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर त्यांच्याजवळ होते. त्यांच्या निधनानंतर आम्ही ते जवळच्या पोलीस ठाण्यात जमा केले. वारस म्हणून माझ्या नावे परवाना होईपर्यंत दोन पावसाळे उलटले. हत्यार परत मिळाले तेव्हा ते चामडी कव्हरमध्ये जसे दिले होते तसेच होते. बाहेरचा काळा रंग जागोजागी तांबूस झाला आहे आणि नळीत काळे ठिपके दिसतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझे एक परिचित लेथवर अतिशय बारीक काम करतात. त्यांच्याकडून नळी आतून घासून घेतली तर चालेल का? शेजारचे काका चिंचेचे पाणी लावायला सांगतात. वडिलांची आठवण म्हणून हे हत्यार पूर्ववत व्हावे, एवढीच इच्छा आहे. — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, पण एका गोष्टीचे समाधानही वाटले. आपण काही करण्याआधी विचारले. गंजलेल्या हत्याराचे खरे नुकसान बहुतेक वेळा गंजाने कमी आणि गंज काढण्याच्या घाईने अधिक झालेले असते, हे मी लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून काम करताना आणि नंतरही पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून सुरुवातीलाच विनंती करतो की चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे ॲसिड यांपैकी काहीही त्या हत्याराला लावू नये आणि पॉलिश पेपरला हातही लावू नये.

त्याचे कारण असे आहे. रिव्हॉल्व्हरवरचा निळसर काळा थर हा रंग नव्हे. तो लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे. तो मुद्दाम चढवलेला असतो, पृष्ठभागाला घट्ट धरून राहतो आणि तेल शोषून ठेवतो. तांबडा गंजही लोखंडाचाच ऑक्साइड आहे, पण तो भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि स्वतःखाली आणखी गंज वाढवतो. चिंचेतल्या आम्लाला या दोहोंतला फरक कळत नाही. ते तांबड्याबरोबर काळा थरही खाऊन टाकते आणि खाली उघडे पोलाद राहते. आपल्या भागातल्या जुलैच्या हवेत ते पोलाद एका रात्रीत पुन्हा लाल होते.

हे नुकसान कसे झाले असावे, तेही समजून घेतले पाहिजे. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्याच्या खूप वर असते. त्यात चामडी कव्हर म्हणजे ओलावा धरून ठेवणारी पिशवीच. कमावलेल्या चामड्यात आम्ले आणि क्षार शिल्लक असतात. दमट हवेत ते पोलादाला चिकटून राहतात. कव्हर हत्यार कमरेला बाळगण्यासाठी असते, साठवण्यासाठी नव्हे, आणि हे सांगायचे राहून जाते म्हणून कितीतरी हत्यारे खराब होतात. यात ठाण्यातील कोणाला दोष देऊन फारसा उपयोग नाही, कारण जमा झालेले हत्यार ज्या अवस्थेत आले त्याच अवस्थेत जपणे एवढेच तेथे अपेक्षित असते.

आता नळीविषयी. प्रथम हत्यार रिकामे असल्याची खात्री करावी. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचे असून मधून मोडून उघडते. ते उघडून चक्रीतील, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागातील, सहाही कोठे (खाने) डोळ्यांनी पाहावेत आणि बोटाने चाचपावेत. कोठ्यात काडतूस अडकून बसले असेल आणि सहज निघत नसेल तर ते ठोकून काढू नये; तसेच परवानाधारक विक्रेत्याकडे न्यावे.

हत्यार उघडलेलेच ठेवून नळीच्या मागच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरावा, त्यावर विजेरीचा उजेड पाडावा आणि पुढच्या तोंडातून आत पाहावे. आत पीळ घेत गेलेल्या खाचा दिसतील. गोळी या खाचांत रुतून फिरत जाते, म्हणूनच ती सरळ जाते. या बोअरच्या नळीत खाचेची खोली साधारण एक दशांश मिलिमीटर असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकीच. एवढ्या उथळ खाचेत गंजाचा खड्डा किती खोल गेला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. आपण लिहिलेले काळे ठिपके हे वरवरचे डाग आहेत की खड्डे, हे साफ केल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

साफसफाई मालकाने स्वतः करण्यास काहीच हरकत नाही; ती दुरुस्ती नव्हे. शिलाई मशीनचे किंवा तशाच जातीचे पातळ खनिज तेल आत-बाहेर लावून एक दिवस तसेच राहू द्यावे. मग .३२ बोअरचा पितळी किंवा ब्राँझचा ब्रश तेलात भिजवून नळीतून सावकाश फिरवावा आणि त्यामागून पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे ओढावेत. ब्रशची दांडी नळीच्या पुढच्या तोंडाच्या कडेला घासणार नाही याची फार काळजी घ्यावी. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला करते आणि ती एका बाजूने झिजली तर चांगल्या नळीचाही नेम बिघडतो. बाहेरून तेलात बुडवलेल्या पितळी पट्टीच्या कडेने तांबडा पापुद्रा हलकेच खरवडावा. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने खालचा काळा थर बहुधा वाचतो. पहिल्या दिवशी कापड तांबडे निघेल. दोन-तीन दिवसांत ते स्वच्छ निघू लागले की थांबावे. त्यानंतरही जे दिसेल ते डाग नव्हेत, खड्डे आहेत, आणि ते घासून जाणार नाहीत.

खड्डा म्हणजे गेलेले पोलाद. ते परत आणण्याचा कोणताही उपाय नाही. नळी आतून घासून खड्डा मिटवायचा तर त्याच्या भोवतालचे सगळे पोलाद त्याच्या तळापर्यंत उतरवावे लागते आणि तेवढ्यात बोअर, म्हणजे नळीचे आतले भोक, मोठे होते, गोळी सैल बसते. वेल्डिंगने खड्डा भरण्याचा विचारही करू नये, कारण त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कणखरपणा, उतरते. वरून मुलामा चढवला तर खड्डा झाकला जातो एवढेच, आणि झाकलेला खड्डा उघड्या खड्ड्यापेक्षा वाईट.

उद्यमबागेतल्या आपल्या परिचितांच्या कौशल्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. बेळगावच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधले कारागीर किती बारकाईने काम करतात, हे मी जवळून पाहिले आहे. पण येथे प्रश्न कौशल्याचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. शस्त्राचे सुटे भागही कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच आहेत, त्यामुळे “हत्यार घरीच आहे, फक्त नळीचा भाग दिला” हा बचाव होऊ शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाची किमान शिक्षा सात वर्षे असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. आपल्यावर माया करणाऱ्या माणसाला आपण नकळत अशा संकटात लोटू नये, असे मला मनापासून वाटते.

याच संदर्भात एक घटना सांगतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वडिलोपार्जित पिस्तूल असेच एका वर्कशॉपमध्ये बफिंगला दिले. ते आरशासारखे चकचकीत होऊन आले, पण बाजूवर कोरलेल्या क्रमांकातले दोन आकडे पुसट झाले. ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे हा कलम ८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक जुळेना आणि त्या सज्जन माणसाला महिनोन् महिने खुलासे देत फिरावे लागले. म्हणून काहीही करण्याआधी हत्यारावरचा क्रमांक आपल्या परवान्यातील नोंदीशी अक्षरशः ताडून पाहावा. आपल्याकडे या नोंदी पुष्कळदा कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसतील तर वाचणाऱ्याला शेजारी बसवून पाहावे, अंदाजाने समाधान मानू नये.

हत्यार कोणाकडे न्यायचे, हा आता खरा प्रश्न. दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडेच न्यावे. बेळगाव जिल्ह्यातील पुष्कळांना कोल्हापूर जवळचे वाटते, निपाणीकरांना तर बेळगावपेक्षाही जवळचे. पण परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते केवळ जिल्ह्यापुरते किंवा कर्नाटकापुरते असेल, तर महामार्गावरून सीमा ओलांडताच हत्यार बाळगणे बेकायदा ठरते, मग ते दुरुस्तीसाठी का असेना. क्षेत्र वाढवून हवे असल्यास ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि बेळगाव शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे आधी अर्ज करावा आणि मगच प्रवास करावा.

कारागीर काय पाहील, हेही आपल्याला ठाऊक असावे, म्हणजे त्याच्याशी बोलता येईल. तो नळीपेक्षा आधी चक्री पाहील. स्फोटाचा सर्वांत मोठा दाब चक्रीच्या कोठ्यात निर्माण होतो आणि कोठ्याची भिंत पातळ असते. विशेषतः चक्री जागच्या जागी धरणाऱ्या बाहेरच्या खाचेखाली ती सर्वांत पातळ असते. तेथे आतून खड्डा असेल तर ती चक्री बाद समजावी, त्यात तडजोड नाही. कोठ्यात खड्डे असले की काडतुसाचे पितळी नळकांडे फुगून त्यात रुतते आणि झाडल्यावर बाहेर येत नाही, हा त्याचा एक ठळक पुरावा. त्यानंतर तो नळीत कडे उमटले आहे का ते पाहील. आतून सावलीसारखी गोल रेघ दिसत असेल, तर पूर्वी कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली असून नळी तेथे फुगली आहे असे समजावे. अशी नळीही बाद.

यांपैकी काही नसेल आणि केवळ खाचांत विखुरलेले उथळ खड्डे असतील, तर हत्यार धोकादायक आहेच असे नाही. अशा नळीत शिसे अधिक साचते, ती अधिक वेळा साफ करावी लागते आणि नेम थोडा सैल होतो. जवळच्या अंतराच्या आत्मसंरक्षणासाठी एवढ्याने फारसे अडत नाही. माझे स्पष्ट मत असे की अशी नळी आहे तशी स्वीकारावी. ती “नव्यासारखी” करण्याच्या नादात चांगल्या कारागिरालाही भरीस घालू नये.

खड्डे खोल असतील तर नळी बदलणे हाच मार्ग उरतो. या जातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि चक्रीच्या वरून जाणारी पट्टी एकाच तुकड्यात घडवलेली असते. त्यामुळे नळी बदलणे म्हणजे बिजागरीपासून कुलपापर्यंतचा सगळा पुढचा भाग बदलणे. नवा भाग बसवताना चक्रीचा प्रत्येक कोठा नळीच्या तोंडासमोर तंतोतंत यावा लागतो, आणि दोहोंमधली फट फार मोठी किंवा फार लहान असून चालत नाही. हे काम कारखान्यातून आलेल्या अस्सल भागानेच व्हावे. कानपूरचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे आणि अधिकृत विक्रेत्यामार्फत तेथे चौकशी करता येते. हत्यार पाठवण्याची वेळ आल्यास ते विक्रेत्यानेच रीतसर पाठवावे, पार्सलने आपण पाठवू नये. भाग बदलल्यावर नव्या क्रमांकाची नोंद परवान्यावर करून घ्यावी.

खर्च आणि खटाटोप पाहता हे सगळे नको, असे आपल्याला वाटू शकेल. तसे झाल्यास ते हत्यार पुन्हा न झाडण्याचा निर्णय घ्यावा, स्वच्छ करून तेल लावून जपावे. मात्र परवाना तेव्हाही लागतोच आणि त्याचे नूतनीकरणही चुकवता येत नाही. सुभेदारसाहेबांनी ज्या शिस्तीत ते बाळगले, ती शिस्त यातही सांभाळली जाते.

आणखी एक. हत्याराबरोबर वडिलांच्या वेळची काडतुसे परत मिळाली असतील आणि त्यांच्यावर हिरवा थर दिसत असेल, तर ती नळी तपासण्यासाठी झाडून पाहू नयेत. ओल शिरलेल्या काडतुसातली गोळी नळीत मध्येच अडकते आणि त्यामागून दुसरी झाडली की वर सांगितलेले कडे तयार होते, किंवा त्याहून वाईट घडते. ती विहिरीत वा मलप्रभेत टाकू नयेत. नोंद करून विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करावीत.

प्रश्न : निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरचे परवान्याचे पिस्तूल ठाण्यात जमा करावे लागते. यजमान ते तेल न लावता तसेच देतात. वरील प्रकार टाळण्यासाठी काय करावे? — एक गृहिणी, निपाणी

उत्तर : ताई, आपला प्रश्न पहिल्या प्रश्नाच्याही आधी यायला हवा होता. जमा करण्याच्या आदल्या दिवशी हत्यार रिकामे करून साफ करावे, नळीतून तेलाचे कापड ओढावे आणि बाहेरून जाडसर गंजरोधक तेलाचा हात द्यावा. उद्यमबागेतून मशीनचे भाग परगावी जाताना ज्या गंजरोधक कागदात गुंडाळतात, तो कागद यासाठी उत्तम; तो बंद पिशवीत हळूहळू वाफ सोडतो आणि ती पोलादावर बसून ओलाव्याला अटकाव करते. हत्यार त्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, सोबत सिलिका जेलची कोरडी पुडी टाकावी. चामडी कव्हर घरीच ठेवावे.

खोबरेल तेल मात्र लावू नये, जरी ते प्रत्येक घरात असते. २४ अंशांच्या खाली ते थिजते, आणि आपल्याकडे थंडीच्या दिवसांत पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. शिवाय ते खवट झाले की त्यात आम्ल तयार होते. डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवण्यासाठी चांगले आहे, पण त्याचा थर फार पातळ असतो. भिजलेले हत्यार कोरडे करायला ते वापरावे, दोन महिन्यांच्या साठवणीसाठी नव्हे.

पावतीवर क्रमांकाबरोबर “सुस्थितीत, तेल लावलेले” एवढे शब्द लिहून घेण्याची विनंती यजमानांनी नम्रपणे करावी. बहुतेक ठिकाणी ती मान्य होते. परत मिळाल्यावर त्याच दिवशी पिशवी उघडून पाहावे. घामाच्या हाताचा ठसाही मिठामुळे गंज धरतो, तेव्हा पाहून झाल्यावर पुन्हा एकदा पुसावे.

प्रश्न : रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आमच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. बार काढल्यावर तेल ओतून ठेवतो, तरी नळीला आतून गंज धरतो. तेल बदलावे का? — एक शेतकरी, जांबोटी

उत्तर : तेल बदलून उपयोग होणार नाही, कारण दोष तेलात नाही. काळी दारू जळल्यावर नळीत पोटॅशियमचे क्षार उरतात. ते हवेतले पाणी ओढून घेतात, आणि तेलात विरघळत नाहीत. वरून तेल ओतले की क्षार तेलाखाली तसेच राहतात आणि आपले काम करत राहतात. क्षार पाण्यातच विरघळतात, म्हणून नळी प्रथम पाण्यानेच धुतली पाहिजे.

बंदूक रिकामी असल्याची गजाने खात्री करावी आणि बार पेटवणारी टोपी काढलेली असावी. शक्य असल्यास नळी दस्त्यापासून सोडवावी, म्हणजे लाकूड भिजत नाही. मग कडकडीत गरम पाणी नळीत ओतावे आणि गजाला बांधलेल्या चिंधीने आत-बाहेर करावे. कान्यातून, म्हणजे टोपी बसते त्या बारीक छिद्रातून, पाणी वाहू द्यावे, कारण घाण तेथेच सर्वांत जास्त साचते. काळे पाणी येणे थांबेपर्यंत दोन-तीन वेळा हे करावे. पाणी गरम असण्याचा दुसरा फायदा असा की नळी तापते आणि उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. नळी हाताला कोमट लागत असतानाच कोरड्या चिंध्या ओढाव्यात आणि मगच पातळ तेलाचा हात द्यावा. हे सगळे बार काढला त्याच संध्याकाळी व्हावे. सकाळवर टाकले तर जांबोटीच्या हवेत सकाळपर्यंत गंज धरलेला असतो. दुसऱ्या दिवशी एकदा कापड ओढून पाहावे, तांबडे निघाले तर धुणे अपुरे झाले असे समजून पुन्हा धुवावे. आणि पुढचा बार भरण्यापूर्वी आतले तेल पूर्ण पुसून घ्यावे, नाहीतर दारू भिजून बार फुसका जाईल.